हौदाखाली काय आहे

कादंबरीतला लाँड्रीवाला बायकोला मारून मागच्या खोलीतल्या हौदाखाली पुरतो. तो लाँड्रीवाला मनचा होता. लाँड्री मात्र लेखिकेच्या सख्ख्या भावाची होती, आणि लिहिताना तिने तिथली एक वीटही हलवली नव्हती. वाफेने फुगलेलं लाकडी काउंटर, काचेवरचा आडवा तडा, कपडे भिजवायचा सिमेंटचा हौद, सगळं जसंच्या तसं. लहानपणी दोघं भावंडं त्याच हौदात डुंबत. "डोळे मिटले की मला तीच जागा दिसते," असं तिने एका मुलाखतीत सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली.

आधी चार हौशी वाचक शोधत आले. दादाला गंमत वाटली. त्याने कौतुकाने हौदसुद्धा दाखवला. मग कुणीतरी हळूच विचारलं, "पण खरंच काहीतरी घडलं असणार ना इथे?"

वहिनी काउंटरवरून ओरडली, "अहो, मीच ती बायको! हात लावून बघा, जिवंत आहे की नाही!"

सगळे हसले. बाहेर पडताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "ही दुसरी असेल."

बोलता बोलता गावभर झालं. हॉटेलच्या मॅनेजरने चादरी पाठवणं बंद केलं. "माझा नाही हो विश्वास," तो खाली बघत म्हणाला, "पण पाहुणे विचारतात, कुठून धुऊन येतात म्हणून." इस्त्रीवाल्याच्या घरच्यांनी त्याला कामावर येऊ दिलं नाही. शेवटी दादाने बहिणीला फोन केला.

"तू ये. चारचौघांत सांग, हे सगळं तू रचलंस. तुझं ऐकतील."

ती मिळेल त्या बसने निघाली. दादाने शेजारपाजारचे, जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांना बोलावलं होतं. रस्त्यावरचे रिकामटेकडेही जमले. दारात उभं राहून ती म्हणाली, "इथे काहीही घडलेलं नाही. खून मी मनाने लिहिला. जागा तेवढी इथली घेतली."

"बहीणच ती, भावाची बाजू घेणारच," कुणीतरी पुटपुटलं.

"अहो, खोटं आहे ते! सगळं खोटं!" बहीण ओरडली.

"मग इतकं हुबेहूब कसं?" समोरच्या शिंप्याने विचारलं. तो दादाचा वर्षानुवर्षांचा दोस्त.

याच हुबेहूबपणासाठी लेखिका म्हणून तिची पाठ थोपटली गेली होती.

दादा आत गेला आणि घण घेऊन हौदावर तुटून पडला. वहिनी त्याचा दंड धरून ओढत होती, "अहो, पोटावर पाय देताय स्वतःच्या!" त्याला ऐकूच येत नव्हतं. लोक आत घुसले, मोबाइल वर झाले. सिमेंटची ढेकळं बाजूला पडू लागली तशी बहीणही खाली बसली आणि दोन्ही हातांनी ती उपसू लागली. बोटं सोलवटली. तळ फुटला. दादाने कुदळ घेऊन खालची माती कंबरभर खणली. ओली, काळी, साबणाच्या वासाची माती. बाकी काही नाही.

"बघा!" तो ओरडला. "या, वाकून बघा! आहे का काही?"

कुणी हललं नाही. मग मागून आवाज आला, "हलवलं असेल आधीच."

दादाने कुदळ खड्ड्यात टाकली. तो खड्ड्याच्या काठावर बसला.

लाँड्री पुन्हा उघडली नाही. दूरच्या एका गावात, जिथे त्याला कुणी ओळखत नाही, तिथे दादा आता दुसऱ्याच्या लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालतो. बहिणीने प्रकाशकाचे पाय धरले, पुस्तक मागे घ्या म्हणून. तो म्हणाला, "वेड लागलंय का? आत्ता कुठे खपायला लागलंय."

तिने हे फोन करून दादाला सांगितलं.

"हौदाचं जाऊ दे गं," तो म्हणाला. "पण खणताना एक क्षण माझ्याही मनात आलं, खाली काही निघालं तर? माझ्याच हौदाखाली! तू असं लिहिलंस की मलाच भीती वाटली."

"दादा..."

पलीकडे फोन वहिनीने घेतला होता. "काही दिवस फोन नका करू," ती म्हणाली. "जेवत नाहीत मग ते."