शिट्टीबाईंनी मान वळवली

“मावशी, तुम्ही कधी कुणावर प्रेम केलंय का?”

प्रश्न भोंगाच्या तोंडातून निसटला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या दोघी मैत्रिणींनी तोंडावर टॉवेल दाबले.

पैजच तशी लागली होती. शनिवारची दुपार, तलावात लहान पोरांचा गोंगाट आणि पोहून दमलेल्या तिघी कडेला बसून जगातल्या एकूण एक प्रेमांचा निकाल लावत होत्या. त्यातली एक वकील, म्हणजे वादात कुणाला जिंकू देत नाही म्हणून वकील. तिचं म्हणणं पडलं की चाळिशी उलटलेल्या माणसांनी प्रेम केलेलंच नसतं, त्यांचं नुसतं लग्न झालेलं असतं.

“आणि ज्यांचं लग्नही नाही झालेलं?” दुसरी म्हणाली. ती सहा फुटांच्या आसपास पोचलेली, म्हणून ताडमाड. “ती बघ शिट्टीबाई.”

मग दोघींनी एकदमच भोंगाकडे पाहिलं. “गेल्या महिन्यात अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलंस ना? मग जा की. विचारून दाखव.”

भोंगा हे नाव आवाजामुळे पडलेलं. भाषणाआधी ते ऐकलं की ती कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायची. भाषणानंतर तेच नाव मिरवायला लागली. आपण तोंड उघडलं तर माणसं ऐकतात, हा शोध तिला सोळाव्या वर्षी लागला होता, आणि तो इतका ताजा होता की दिवसातून चारदा वापरून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

शिट्टीबाई म्हणजे तलावाच्या जीवरक्षक. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, गळ्यात शिट्टी आणि मांडीवर लाल फ्लोट. त्यांच्या उंच खुर्चीच्या पायाशी एक पाटी होती : ‘जीवरक्षकाशी बोलू नये.’ पाटी लावली होती भोंगाच्या बाबांनी, कारण बाबा तलावाचे व्यवस्थापक. आणि व्यवस्थापकाची मुलगी म्हणून त्याच पाटीला टेकून उभं राहायचा हक्क भोंगाने आपला आपणच घेतला होता.

तशा बाई बोलायच्या. “सांग, ऐकतेय,” म्हणायच्या. पण डोळे पाण्यावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आधी तळ, मग वरचं पाणी, मग पुन्हा पहिल्यापासून. अंगण झाडावं तसे ते डोळे तलाव झाडत असायचे. शिट्टीबाई माणसांशी नाही, पाण्याशी बोलते, अशी पोरं टिंगल करत. भोंगाला पोहायला बाईंनीच शिकवलेलं, तरी तिला त्यांचा चेहरा एकाच बाजूने माहीत होता, नाण्यावरच्या राणीसारखा.

आणि खरं सांगायचं तर प्रश्न पैजेचा असला तरी उत्तर भोंगाला स्वतःसाठी हवं होतं. तिच्या वर्गातला एक मुलगा रोज शाळा सुटली की लांबच्या रस्त्याने तिच्या बाजूबाजूने चालत यायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. सिग्नलपाशी तो डावीकडे, ती उजवीकडे. भाषणं ठोकणाऱ्या भोंगाची जीभ तिथे टाळ्याला चिकटायची. याला काय म्हणायचं, हे तिने वकिलालासुद्धा विचारलं नव्हतं.

“कुणी पाठवलं तुला?” बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या.

“कुणी नाही. मीच आले.”

भोंगाला वाटलं, आता शिट्टी आपल्याच कानात वाजणार.

“केलंय की,” बाई म्हणाल्या. “बस चालवायचा तो.”

आणि त्यांनी मान वळवली.

पहिल्यांदाच भोंगाने तो चेहरा समोरून पाहिला. एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर. डोळे क्लोरीनने लालसर, आणि त्यात असं काही की भोंगाला एकदम आपण दार न वाजवता कुणाच्या तरी खोलीत शिरल्यासारखं वाटलं. बाई हसत होत्या.

“इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही गं,” त्या म्हणाल्या.

एवढंच. एक श्वास आत, एक बाहेर, इतका वेळ. मग बाईंची मान आपसूक पाण्याकडे फिरली आणि चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विझलं. भोंगाने पाण्याकडे पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही. पोरं उड्या मारत होती, कुणी ओरडत नव्हतं, कुणी हात हलवत नव्हतं. खोल बाजूच्या दोरीपाशी एक पिवळी टोपी होती, मागे कललेली, आकाशाकडे बघत असल्यासारखी. मग टोपी तिथे नव्हती.

बाईंनी खुर्चीवरूनच उडी टाकली.

पुढचं भोंगाला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. ओल्या फरशीवर ठेवलेला सहा वर्षांचा पोरगा, ओठ जांभळट. त्याच्या तोंडाला तोंड लावलेल्या बाई. अख्ख्या तलावावर पसरलेली शांतता, पाणी काठाला लागतं तेवढाच आवाज. मग पोराने भडाभडा पाणी ओकलं आणि भोकाड पसरलं. रडणं इतकं गोड लागतं हे भोंगाला तोवर माहीत नव्हतं. चहा प्यायला बाहेर गेलेले त्याचे आजोबा कागदी कप हातात धरून तसेच दारात उभे होते. कप वाकडा होऊन चहा त्यांच्या चपलांवर सांडत होता.

पोराला एक रात्र हॉस्पिटलात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला, धडधाकट. पण त्याच दिवशी आजोबांची तक्रार आली आणि बाईंना घरी बसवण्यात आलं. बुधवारी समिती बसणार होती.

“कुणाला काही बोलू नकोस,” वकिलाने फोनवर बजावलं. “आपण तिथे नव्हतोच.”

“अगं, होतो की.”

“होतो. पण नव्हतो. कळतं का तुला?”

वादात पहिल्यांदाच वकिलाचा आवाज कापत होता. भोंगाने फोन ठेवला. घरात बाबा बोलत नव्हते. तसे ते नेहमीच मोजकं बोलत, पण हे न बोलणं वेगळं होतं. दात दुखत असताना माणूस त्या बाजूने चावत नाही, तसे ते तिच्या बाजूला बघत नव्हते.

सोमवारी शाळा सुटल्यावर भोंगा लांबच्या रस्त्याने गेली नाही. तलावाच्या झाडूवाल्याकडून तिने बाईंचा पत्ता काढला. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक खोली. जिन्यात इस्त्रीची वाफ. बाईंनी दार उघडलं. घरातल्या कपड्यांत त्या एकदम बारीक दिसत होत्या. खिडकीच्या दांडीवर पोहण्याचा पोशाख वाळत होता, रोजच्यासारखा धुतलेला, जरी दोन दिवस पाण्यात गेलेला नव्हता.

“आत ये. चप्पल असू दे. साहेबांना माहीत आहे?”

“नाही.” भोंगाने घरून ठरवून आणलेली वाक्यं सगळी पळाली होती. “मावशी, मी सांगते ना त्यांना. मी विचारलं म्हणून झालं ते.”

“तू विचारलंस. पण मान माझी होती ना?” बाई स्टोव्हवर चहा ठेवत म्हणाल्या. “पाणी माझ्याकडे होतं, पोरी.”

“पाटी होती. मी पाटीला टेकून उभी होते.”

“सोळाव्या वर्षी पाट्या कोण वाचतं. बस.”

बसायला एकच खुर्ची होती, ठेंगणी. भोंगा बसली. बाई उभ्याच राहिल्या, आणि आता मात्र थेट तिच्याकडे बघत होत्या. इथे राखायला पाणी नव्हतं. भोंगालाच ती नजर सोसवेना.

“आजोबा म्हणतायत मी पेंगत होते,” बाई म्हणाल्या. “खुर्चीत झोपलेली पाहिली म्हणे त्यांनी.”

“पण ते तर बाहेर होते. तुम्ही खोटं आहे म्हणून सांगितलं ना?”

“म्हटलं, असेल.”

“असेल म्हणजे?”

“अगं, पन्नाशीच्या बाईला दुपारची झोप लागली, हे लोकांना पटतं. तिला कुणी प्रेमाचं विचारलं म्हणून तिची मान वळली, हे पटायचं नाही. हसतील.” त्या चहा गाळत होत्या. “चुकले ते चुकलेच. वर हसं कशाला?”

“मग आता?”

“निष्काळजी असा शेरा पडला की कुठलाच तलाव उभं करत नाही. खालच्या लाँड्रीवाल्याला बाई हवीच आहे. बघू.”

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की भोंगाने त्यांनी दिलेला कप तोंडाला न लावता तसाच धरून ठेवला. खालून इस्त्रीचा फुसफुस आवाज येत होता. खिडकीसमोर दुसरी इमारत, तिच्या खिडक्यांत दुसरी माणसं, कुणी कपडे झटकतंय, कुणी नुसतंच उभं. एवढ्या माणसांत बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं.

“तो बस चालवायचा म्हणालात,” भोंगा खाली बघत म्हणाली.

“पहाटेची बस. तलाव उघडायला मी जायची ना, तेव्हा बसमध्ये मी एकटी असायची. त्याच्या मागे दांड्याला धरून उभी राहायची. सगळ्या सीटा रिकाम्या, तरी उभी.” बाई हसल्या. “तिथेही पाटी होती. चालकाशी बोलू नये.”

“मग?”

“मग काय? नाही बोलले. तो तलावाच्या फाटकासमोर गाडी थांबवायचा. थांबा तिथे नाही, पुढे आहे. दार उघडायचा आणि मी उतरून फाटकाचं कुलूप काढेपर्यंत आरशात बघायचा. तीन वर्षं. मग एक दिवस चालवायला दुसराच होता, आणि गाडी थांब्यावर थांबली.”

“तुम्ही विचारलं नाही, तो कुठे गेला?”

“काय म्हणून विचारणार? नावही माहीत नव्हतं.”

भोंगाला सिग्नल आठवला. डावीकडे तो, उजवीकडे ती. “आणि हे प्रेम?” तिने विचारलं, जरा रागानेच.

“तू विचारलंस तेव्हा हेच आठवलं गं. दुसरं काही असतं तर ते आठवलं असतं की नाही?” बाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला. “आता घरी जा. तू मध्ये पडलीस तर साहेबांवर शेकेल. त्यांचीच पोर, त्यांचीच पाटी. मी एकटी आहे, माझं निभतं. ऐकतेस ना?”

भोंगाने मान हलवली. जिना उतरताना तिला कळलं की आपण हो म्हटलंय की नाही, हे आपल्यालाच माहीत नाही.

मंगळवारी रात्री तिघं जेवायला बसली. आईने वाढलं. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“उद्याचं काय होईल?” आईने विचारलं.

“होणार काय? बाईंनी लिहून दिलंय, डुलकी लागली असेल म्हणून. सही करायची आणि उठायचं.”

“झोपल्या नव्हत्या त्या,” भोंगा म्हणाली.

आईचा हात भांड्यातच राहिला. बाबांनी घास चावून संपवला, मग पहिल्यांदा, तीन दिवसांत पहिल्यांदा, तिच्याकडे पाहिलं.

“कॅमेऱ्यात खुर्ची येत नाही,” ते हळू म्हणाले. “खुर्चीचा पाया येतो. पाटी येते. आणि पाटीला टेकलेली पाठ.” थांबले. “तुझी पाठ मी ओळखत नाही का?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“शनिवारीच.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? समितीने ते चित्रण मागितलेलं नाही. मागितलं तर देईन.” त्यांनी ताटात बोटाने रेघ ओढली. “माझ्या तलावात माझीच मुलगी जीवरक्षकाशी गप्पा मारत होती, हे बाहेर गेलं की मी तरी राहतो का तिथे? हे घर कशावर चाललंय? तुझं कॉलेज?”

“ती बाई स्वतःहून तुझं नाव घेत नाहीये,” आई घाईने म्हणाली. “मोठं मन आहे तिचं. मग आपण कशाला उकरायचं? तू गप्प राहा. दोन महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही.”

“मावशींच्या राहील.”

“अगं, पोर वाचलं ना?”

“त्यांनी वाचवलं.”

भोंगाला वाटलं होतं, असलं काही बोलायची वेळ आली की आपला आवाज भाषणातल्यासारखा खणखणीत लागेल. तो लागला नाही. आतून हलत होता, ओठांपर्यंत येतायेता अर्धा सांडत होता. ती भीत होती. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ तिला दिसत होतं, पट्टा झिजलेला, दोनदा शिवलेला. हे सगळं आपल्या एका वाक्याने जाऊ शकतं, हे तिला कळत होतं. मोठं होणं म्हणजे स्टेजवर चढणं असं ती महिनाभर समजत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “पाटी मोडली ती मी. ते मी सांगणार. तुम्हाला माहीत होतं, हे तुम्ही सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ते बोलणार नाही.”

आईने वाढायचा चमचा भांड्याच्या कडेला टेकवला, अगदी हळू, आवाज न करता.

“त्या झोपल्या नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आणि का बघत होत्या तेही सांगणार. हसले तर हसू देत, मला हसतील.” भोंगाने ताट पुढे सरकवलं आणि सरळ बसली. “उद्या मी शाळेत जात नाहीये. तुमच्याबरोबर समितीसमोर येतेय. किती वाजता निघायचं, तेवढं सांगा.”