बाबासोंचं पारणं

चौऱ्याहत्तर सालच्या भाद्रपदात बाबासो मगदुमांनी जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहाही उपास धरले, ही बातमी शिवाजी पेठेत आधी कुणी खरीच मानली नाही. किराणा दुकानात बसल्या बसल्या गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय या माणसाला वजन करायला सुचत नसे. उपास ही बायकोच्या माहेरची खोड आहे, असं ते उघड म्हणत. अरुणा लग्नापासून दरवर्षी उपास करायची. तिला त्याबद्दल कुणी सत्काराचा नारळही दिला नव्हता. बाबासोंनी चौथा दिवस ओलांडला आणि गल्ली पाया पडायला यायला लागली.

अरुणा सगळ्यांना आत घ्यायची आणि गप्प राहायची. तिला ठाऊक होतं. आषाढापासून भाकरीचा घास छातीत अडत होता. मग भात अडायला लागला, मग आमटीसुद्धा. बाबासो भिंतीकडं तोंड करून खोकायचे आणि ताटातलं गुपचूप म्हशीच्या बादलीत जायचं. घरात तेवढी म्हैस तजेलदार झाली. विचारलं तर म्हणायचे, "पित्त हाय गं." भाद्रपदानं न जेवायला एक सन्मानाचं कारण दिलं, एवढंच.

दहाव्या दिवशी उकळून गार केलेलं पाणीही परत यायला लागलं, तेव्हा तिनं पदर खोचला.

"आत्ता फोटो काढाय दवाखान्यात चला. न्हाईतर बस्तीच्या देवळात जाऊन समद्यांना सांगते."

"उद्या मिरवणूक हाय, आन आज फोटो काढाय नेतीस व्हय?"

"छातीचाच काढायचाय. फेटा लागत न्हाई."

एक्स-रेच्या खोलीत डॉक्टर लाल काचांचा चष्मा लावून बसले होते. अंधारात पडदा नीट दिसावा म्हणून तसं बसावं लागतं म्हणे. त्यांनी पांढऱ्या दाट बेरियमचा पेला पुढं केला. बाबासोंनी हात मागं घेतला.

"माझा उपास हाय, डॉक्टर."

"हे अन्न नाही. पूड पाण्यात कालवलीय. ते जाईल ती वाट आम्हाला पडद्यावर दिसते. अंगाला काही लागत नाही. जसं जातं तसं बाहेर पडतं."

"म्हंजे आमच्या मेव्हण्याला वाढलेल्या तुपासारखं," म्हणत बाबासोंनी पेला घेतला. एरवी भावावरनं काढलेल्या या शब्दासाठी अरुणानं दोन दिवस अबोला धरला असता.

दिवे मालवले. "तोंडात धरा. आता गिळा." हिरवट पडद्यावर एक जाड पट्टा छातीपर्यंत उतरला आणि उंदराच्या शेपटीसारखा निमुळता होऊन थांबला. दुसरा घोटही तिथंच येऊन थांबला. मग बाबासोंना उचकी लागली आणि सगळं वर आलं.

डॉक्टरांनी अरुणाला बाजूला घेतलं. "मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर झालाय."

"लई?"

"न्या तर खरं."

बाहेर बाकावर बाबासो ओठांवरचा पांढरा थर पुसत होते. "पोटात गेलं का गं?"

"न्हाई."

"थेंबबी न्हाई?"

"न्हाई म्हणलं न्हवं."

त्यांचा चेहरा उजळला. "मग उपास कुठं मोडला?"

अरुणा तोंड फिरवून टांगा शोधायला लागली.

मिरवणूक झाली. जीप, बँड, हार, सगळं यथासांग. मग बस्तीच्या मांडवात पारण्यासाठी रांग लागली. तपस्व्याला एकेक चमचा मुगाचं पाणी पाजलं की पाजणाऱ्यालाही पुण्य लागतं, त्यामुळं गल्लीतलं कुणी मागं राहिलं नव्हतं. रांग पार दारापर्यंत गेली होती. बाबासोंनी रांगेकडं पाहिलं, मग अरुणाकडं. लग्नाच्या मांडवातही त्यांनी तिच्याकडं एवढ्या आशेनं पाहिलं नव्हतं.

बस्तीचे अध्यक्ष नेमिनाथ म्हणाले, "वैनी, पयला चमचा तुमचा."

अरुणानं चमचा भरला, नवऱ्याच्या ओठांपर्यंत नेला आणि परत वाटीत ठेवला.

"ह्यांनी उपास वाढवलाय," ती मोठ्यानं म्हणाली. एवढं मोठ्यानं ती बस्तीत कधी बोलली नव्हती.

असा जयजयकार झाला की बँडवाल्यांना वाटलं आपलीच पाळी आली. ते वाजवायला लागले. नेमिनाथांनी डोळे पुसले. "बाबासो, धन्य हाय तुमची! किती दिस वाढवलाय, वैनी?"

"ते त्यांनी ठरवलं न्हाई अजून."

बाबासोंनी हारांखालून हात काढून तिचं मनगट धरलं. बोटं गार होती. बँडच्या गोंगाटात ते तिच्या कानाशी वाकले.

"मिरजेची गाडी कवा हाय?"

मिरजेचं नाव तिनं त्यांच्यापुढं अजून काढलं नव्हतं.