वणव्यानंतरचा ओढा

वणवा विझल्यावर पहिलीच सर आली आणि ओढ्याचं पाणी शाईसारखं काळं होऊन बेकरीच्या मागच्या अंगणात शिरलं. इतकुशा पावसात असं कधी झालं नव्हतं. बेकरीवालीने पायरीवरचा गाळ बोटाने उचलून पाहिला, नुसती राख. वर डोंगरात घर एकच, तिच्या दिराचं. नवरा गेल्यापासून ही ओढ्याकाठची जागा दिराच्या डोळ्यांत भरली होती. कुठेतरी पाणी मुरतंय, ती मनाशी म्हणाली.

त्यात दिराने एकच टुमणं लावलेलं: आभाळ भरून आलं की बेकरी बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. एवढा पुळका कशासाठी? जाऊबाईसुद्धा गोड बोलायला लागल्या, तेव्हा तर तिची खात्रीच पटली.

एका दुपारी डोंगरमाथ्यावर ढग दाटले. भट्टी शांत करून, दाराला कुलूप लावून ती वर निघाली. राहायला नव्हे, चोर पकडायला. आणि दीर सापडलाही. ओढ्याच्या वळणावर, हातात फावडं, गुडघ्यापर्यंत राखेने माखलेला.

"म्हणजे तुम्हीच राख लोटता माझ्या अंगणात, भाऊजी."

तो रस्त्याखालच्या मोरीत अडकलेले जळके ओंडके मोकळे करत होता. फावडं बाजूला ठेवून त्याने पाण्याची बाटली उतारावर रिकामी केली. तुपाचा हात फिरवलेल्या ट्रेवरून ओघळावेत तसे थेंब घरंगळत गेले. खालची माती कोरडीच.

"वणव्याने भाजलेल्या या मातीत आता पाणी मुरतच नाही, वहिनी. धरून ठेवायला झाडंही नाहीत. पडेल ते सगळं तुमच्या दारात येणार."

"आणि जागेचं काय?"

"जागा हवीच आहे मला. म्हणून पाऊस काही मी पाडत नाही."

माथ्यावर पाऊस केव्हाच सुरू झाला होता. तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. दिराने तिला दंडाला धरून काठावर ओढलं. सैल मळलेल्या कणकेसारखा चिखल आला, दगडधोंडे आणि अख्खी झाडं घेऊन. मोरी तुंबली, रस्ता खचला, आणि तो लोंढा खाली बेकरीच्या दिशेने गेला.

उघडीप झाल्यावर दोघं खाली उतरली. दार चौकटीसकट गेलं होतं; भट्टीच्या तोंडापर्यंत गाळ. इथे पुन्हा काही उभारू नका, असं दीर हळूच म्हणाला. सल्ला शहाणपणाचा होता, आणि त्याच्या सोयीचाही. ती पुढे महिनाभर दिराकडे राहिली, जाऊबाईंच्या हातचं जेवली, नवी भट्टी वरच्या रस्त्यालगत लावली. ओढ्याकाठची जागा मात्र तिने दिराला दिली नाही.