धनुबाई माझ्यावर बसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. जाड भिंती, घट्ट झाकण. आतली वस्तू तापू द्यायची नाही आणि गोठूही द्यायची नाही, एवढंच माझं शिक्षण. कारखान्यातून मी थेट नवापूरच्या एका प्रसूतिगृहात आले. कोंबड्या पाळणाऱ्या या गावात कुठलीही पेटी दिसली की लोक विचारतात, “कोंबडीसनी लस शे का?” बरेच दिवस माझाही तोच समज होता.

माझं खरं काम मला काजलच्या बाळंतपणात कळलं. काजल खांडबाऱ्याजवळची. तिच्या थोरल्या मुलीला, हिरलला, थॅलेसेमिया होता. अंगात नीट रक्तच बनत नसे. दर महिन्याला दुसऱ्याचं चढवावं लागे. डॉक्टर म्हणाले होते, येणाऱ्या भावंडाच्या नाळेतलं रक्त जुळलं, तर पोर बरी होऊ शकेल. एरवी ते रक्त नाळेबरोबर मातीतच जातं.

मुलगा झाला. अतिका सिस्टरने नाळेतलं रक्त पिशवीत घेतलं आणि पिशवी माझ्या पोटात ठेवली. सुपडू ड्रायव्हर मला सुरतेच्या रक्तपेढीत न्यायला उचलणार, तोच बाळाची आजी धनुबाई येऊन माझ्यावर बसली. चांगली ऐसपैस.

“मन्हा नातूनी नाळ सुरतले जाई? नाळ तठे, ते पोऱ्याबी तठलाच व्हई!”

त्यांच्या घरात नाळ गोठ्याच्या दाराशी पुरतात, म्हणजे माणूस तिथलाच राहतो. धनुबाईच्या नवऱ्याची तिथेच, मुलाची, म्हणजे बाळाच्या बापाची, नवनीतचीही तिथेच. नवनीत सुरतेलाच नोकरी करतो, हा मुद्दा त्या वेळी कोणी काढला नाही.

“आजी, ऊठ ना. गाडी चालू शे,” सुपडू म्हणाला.

“चालू ऱ्हाऊ दे.”

पिशवीतल्या रक्ताला मात्र असं बसून राहणं परवडणारं नव्हतं. आणि हिरललाही.

अतिका सिस्टरने वाद घातला नाही. आत जाऊन तिने कापडात गुंडाळलेली नाळ आणली आणि धनुबाईच्या मांडीवर ठेवली. “हाई ल्या, माय. नाळ तुमनीच. पेटीमा नुसतं रगत शे, हिरलकरता.”

धनुबाईने कापड उघडून खात्री करून घेतली. “मंग पहिलेच सांगानं ना!” ती उठली आणि वर सुपडूवरच खेकसली, “आते काय देखी ऱ्हायना? पय!” सुपडू मला घेऊन पळत सुटला.

रक्त सुरतेला अतिथंड टाकीत राहिलं. जुळेलच असं नव्हतं, जुळलं. पुढे ते हिरलला दिलं. उपचारात तिचे केस गेले, परत आले, आणि दर महिन्याचं रक्त चढवणं थांबलं. आता ती गोठ्याच्या दाराशी, भावाच्या नाळेवरच लंगडी खेळते. धनुबाई रागावत नाही.

हल्ली प्रसूतिगृहात तापमान दाखवणारी नवी पेटी आली आहे. माझ्यात स्टाफची ताकाची बाटली असते. तक्रार नाही. ताकही मी तापू देत नाही.

एकच विनंती, मित्रांनो. नाळ पुरा, जरूर पुरा. पण पेटीवर बसण्याआधी, आत कोणाचा जीव आहे तेवढं विचारा.