द्रौपदीताईंच्या गळ्यातला आवाज

मित्रांनो, अंबरनाथला बुवापाड्यात डॉक्टर विनिताबाईंचा दवाखाना आहे. तिथे त्यांच्या गळ्यात लोंबणारा, नळीला चिकटपट्टी गुंडाळलेला जुना स्टेथोस्कोप म्हणजे मी.

माझा जन्म हरयाणातल्या एका कारखान्यात झाला. काळी रबरी नळी, स्टीलची चकती आणि तिच्यावर ताणलेला पातळ पडदा, एवढाच माझा देह. विनिताबाई डॉक्टरकी शिकत होत्या तेव्हा त्यांनी मला घेतले. त्यांची एक सवय मला पहिल्यापासून आवडते. पेशंटला लावण्याआधी त्या माझी चकती तळहातावर घासून तिला ऊब आणतात. गार धातू अंगाला लागून कुणी दचकू नये म्हणून. कितीही गर्दी असो, ही सवय सुटलेली नाही.

मी खूप ऐकले. केमिकल कंपनीत राबणाऱ्यांच्या छातीतली घरघर ऐकली, तान्ह्या बाळांची चिमुकली टकटक ऐकली. ‘बाईंनी नळी लावली की अर्धं बरं वाटतं,’ असे लोक म्हणत, तेव्हा मी सुखावत असे. मग करोना आला. पेशंटना लांबूनच तपासायचे दिवस आले आणि मी खुंटीवर धूळ खात राहिलो. साथ ओसरली, पण लोकांची रीत बदलली. आत आले की ते रिपोर्टची पिशवी टेबलावर ठेवत. मला वाटे, आपले काम संपले.

अशीच जाड पिशवी घेऊन द्रौपदीताई आल्या. वय चाळिशीचे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात त्या शिलाईच्या मशिनवर बसत. बरोबर पती प्रमोद होते. रिक्षातून उतरून खुर्चीपर्यंत येईतो ताईंना धाप लागली. पाय सुजलेले, गालांची हाडे वर आलेली.

“मॅडम, मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं,” प्रमोद म्हणाले. “हार्टची सोनोग्राफी झाली. म्हणाले, हार्ट फुगलंय, त्याचा मसल कमजोर झालाय. गोळ्या चालू आहेत. पण कशामुळे झालं ते कुणी सांगत नाही.”

ताईंना वेगळेच विचारायचे होते. “मला एवढंच सांगा, आणखी किती दिवस मशिनवर बसू शकेन? प्रीती बारावीला आहे, सायन्सला. ती म्हणते, कॉलेज सोडते, तुझ्या जागेवर मी बसते. मला ते नकोय.”

बाईंनी सगळे कागद वाचले, बाजूला ठेवले आणि माझी चकती तळहातावर घासली. मी ताईंच्या छातीला लागलो. मित्रांनो, निरोगी हृदय दोन ठोके देते, मग जरा विसावते. या हृदयाला विसावाच नव्हता. घोडा चौखूर उधळावा तसे ते धावत होते, आणि दोन ठोक्यांमागून तिसरा एक दबका ठोका येत होता. हे हृदय दमले आहे, हे मला कळले.

“जेवण जातं का?” बाईंनी विचारले.

“जातं की! दोघांचं जेवते. तरी ब्लाउज ढगळ होत चाललेत.”

“आणि मॅडम, थंडीतसुद्धा हिला फुल पंखा लागतो,” प्रमोद म्हणाले. “आम्ही बापलेक गोधडीत कुडकुडतो.”

बाईंनी ताईंना हात पुढे करायला सांगितले आणि ताणलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. तो पानासारखा थरथरू लागला.

“सुईत दोरा जाईना,” ताई ओशाळून म्हणाल्या. “मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.”

तेव्हा बाईंनी मला छातीवरून उचलले आणि सरळ ताईंच्या गळ्याला लावले. प्रमोद म्हणाले, “मॅडम, दुखणं हार्टचं आहे ना?” बाईंनी हातानेच त्यांना थांबवले. मला तिथे ऐकू आले, सूं... सूं... नळ अर्धवट उघडा राहावा तसा आवाज. गळ्यातल्या फुगलेल्या ग्रंथीतून रक्त जोराने वाहत होते.

“द्रौपदीताई, तुमच्या मशिनचं पायडल कुणी दाबूनच धरलं तर मोटरचं काय होईल?”

“जळेल की!”

“तुमच्या हृदयाचं तेच चाललंय बहुतेक. पायडल इथं आहे, गळ्यात. थायरॉईडचा रस जास्त झाला की हृदय विसावायचंच विसरतं आणि शेवटी त्याचा स्नायू थकतो. आधी रक्त तपासू.”

रक्ताच्या तपासणीने बाईंचा अंदाज खरा ठरवला. त्यांनी लगेच ताईंवर उपचार करणाऱ्या कल्याणच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मोठे तज्ज्ञ, पण मन त्याहून मोठे. “बरं झालं तुम्ही गळा बघितलात. आपण दोघं मिळून करू,” ते म्हणाले.

“मी बरी होईन?” ताईंनी विचारले.

“वचन देत नाही. पण हृदयाच्या स्नायूच्या ज्या आजारांतून माणूस पुष्कळदा सावरतो, त्यातला हा एक आहे. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत, मीठ बंद आणि सध्या घरी आराम. आणि ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं; या गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.”

खरे कौतुक द्रौपदीताईंचे. त्यांनी अळणी जेवण गोड मानले. थोडे बरे वाटताच शेजारीण म्हणाली, “आता कशाला गोळ्या खातेस?” त्यावर ताई म्हणाल्या, “डॉक्टर बंद म्हणतील तेव्हाच बंद.” घरी पडून राहणे हे त्या कष्टाळू बाईला सर्वांत जड गेले, पण तेही त्यांनी केले. प्रीतीला मात्र एक दिवसही कॉलेज बुडवू दिले नाही.

काही महिन्यांनी हृदयाची पुन्हा सोनोग्राफी झाली. फुगलेले हृदय आक्रसून जवळजवळ मूळ आकारावर आले होते. बाईंनी मला ताईंच्या छातीला लावले, ऐकले, आणि हसून माझ्या गुंड्या आपल्या कानातून काढून ताईंच्याच कानात घातल्या.

ताई कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. डोळे भरून आले.

“हे माझंच ना, मॅडम? किती शहाण्यासारखं चाललंय!”

मित्रांनो, इतक्या वर्षांत इतक्या जणांनी माझ्यातून ऐकले, पण एवढ्या मायेने कुणी ऐकले नव्हते.

आता माझी नळी कडक झाली आहे, आणखी किती दिवस चालेन ठाऊक नाही. म्हणून सांगून ठेवतो. तुमच्या घरात कुणी पोटभर जेवूनही वाळत असेल, बसल्याजागी धडधडत असेल, हात थरथरत असतील, तर कामाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात न्या. आणि छाती तपासून झाली की न लाजता म्हणा, “डॉक्टर, जरा गळाही बघता का?”