खापरीभर विस्तव

मित्रांनो, मी एक जुनी मातीची चूल आहे. शहाद्याजवळच्या लोणखेड्यात एका बंद घरात पडून आहे. माझी एक कड खचली आहे आणि माझ्या पोटात मांजरी विते. तक्रार करू तरी कोणाकडे? माझी दगूबाई गेल्या साली गेली.

तिनेच मला घडवलं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने गोमाई नदीच्या काठची माती आणली, तीत भुसा मिसळला आणि पायांनी तुडवली. माझी पाठ तिने शेजारच्या भिंतीला लावली. दोन घरांत ती भिंत एकच होती, आणि पलीकडून जसोदाबाईची चूल तिलाच टेकलेली होती. दगूबाईचा नवरा सुकलाल करपलेली भाकरीही चवीने खायचा. चार वर्षांचा मगन पहिल्या भाकरीसाठी माझ्यापुढे ठाण मांडून बसायचा. मी तेव्हा फार तोऱ्यात होते.

मग मानमोडीची साथ आली. सुकलाल तापाने गेला आणि तिसऱ्याच दिवशी मगन गेला.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारणी भाकरी आणतात. आमच्याकडेही आणल्या. दगूबाईने त्या धड खाल्ल्या नाहीत. तेरावा झाला तरी तिने मला पेटवलं नाही. पुढे तर ती दाराला आतून कडी लावू लागली. भाकरी घेऊन आलेल्या बायका हाका मारून परत जात. ती माझ्यासमोर भुईवर पडून राही आणि म्हणे, देवा, आता मलाही ने. हिचं म्हणणं खरं होणार असं मला दिसत होतं. गार राखेने भरलेली मी तिला काय धीर देणार?

एका सकाळी जसोदाबाईने कडी वाजवली. ती वाजवतच राहिली, तेव्हा दगूबाई कशीबशी उठली. जसोदाबाईच्या हातात भाकरी नव्हती, फुटक्या मडक्याची खापरी होती.

"मन्हा घर इस्तो नही," ती म्हणाली. "जरासा दे वं बहीन."

विस्तव मागायला आलेल्याला आमच्याकडे रिकामं पाठवत नाहीत. दगूबाईने काडेपेटी पुढे केली. जसोदाबाईने ती घेतली नाही. मला निखाराच हवा, म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून राहिली. काय चिवट बाई! शेवटी दगूबाईने चिडून माझ्यात गोवरी कोंबली आणि काडी ओढली. निखारा घेऊन शेजारीण गेली. जळती चूल रिकामी ठेवू नये, ही सासूची शिकवण. म्हणून दगूबाईने तवा ठेवला, एक भाकरी थापली आणि त्यातली अर्धी खाल्ली. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी जसोदाबाई पुन्हा आली. मग रोजच येऊ लागली. हिला राखेखाली विस्तव जपता येत नाही, असं दगूबाई पुटपुटायची. पण कडी काढायची आणि मला पेटवायची. रडायची मात्र रोज.

महिनाभराने एका सकाळी ती मला सारवत होती. तिचा हात माझ्यामागच्या भिंतीला लागला. मी अजून पेटले नव्हते, तरी भिंत गरम होती. तिने कान लावला. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती तशीच खाली बसली.

थोड्या वेळाने जसोदाबाई खापरी घेऊन दारात आली.

"तुन्ही चूल ते पेटेल शे," दगूबाई म्हणाली.

जसोदाबाईने मान खाली घातली. "शे. पन तुन्ही बी पेटाले पाहिजे ना वं."

 दगूबाईने मला पेटवलं आणि माझ्यातला सगळ्यात मोठा निखारा खापरीत घातला. तो घेऊन जसोदाबाई आपल्या पेटलेल्या चुलीकडे गेली.

मित्रांनो, दगूबाईचं दुःख गेलं असं मी सांगणार नाही. पहिली भाकरी तव्यावर टाकताना पुढची पंचवीस वर्षं ती मगनच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. पण तिने भाकरी टाकली. चूल नीट सारवा, हे सांगायला तुमच्या आया आहेत. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या घरातून धूर निघेनासा झाला, तर तिथे काहीतरी मागायला जा. आणि मिळेपर्यंत उंबऱ्यावरून उठू नका.