एका डोळ्याचे दोन फोटो

मित्रांनो, मी कॅमेरा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. पण माझ्यासमोर बसताना कुणी केस नीट करत नाही की हसत नाही. माझ्यासमोरचा माणूस हनुवटी एका पट्टीवर टेकवतो, कपाळ पुढे लावतो आणि एका हिरव्या ठिपक्याकडे टक लावून बघतो. मग लख्ख उजेड पडतो आणि मी त्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतो.

तो पडदा तुम्ही पाहिला नसेल. केशरी गोल असतो तो. त्याच्या एका बाजूला पिवळसर चकती असते. त्या चकतीतून रक्ताच्या नसा निघतात आणि फांद्यांना फांद्या फुटाव्यात तशा सगळीकडे पसरतात. एका माणसाच्या नसा दुसऱ्यासारख्या कधीच नसतात. मी इतके डोळे पाहिले, पण सारखे दोन मला अजून सापडलेले नाहीत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझी भिंगे फार निगुतीने घडवली. सुरुवातीची वर्षे मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात काढली. तिथे नवे यंत्र आले, तेव्हा कामोठ्यातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याने मला मागून घेतले. टेम्पोत बसून मी खाडीपूल ओलांडला. दवाखाना एका सोसायटीच्या तळमजल्यावर होता आणि त्याचे दार होते अरुंद. मला तिरके करून आत घेताना डॉक्टर जयमाला दारातच उभ्या होत्या.

"अरे हळू! त्याच्या तोंडाला हात लावू नका. काच आहे तिथे!" त्या हमालांना सांगत होत्या.

तेव्हाच मला कळले की मी योग्य ठिकाणी आलो आहे.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार येत, कळंबोलीचे ट्रकवाले येत, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा येत. बहुतेकांना शुगर असे. शुगर म्हणजे मधुमेह फार दिवस राहिला की डोळ्यांतल्या नसा हळूहळू बिघडतात. गंमत अशी की बिघडताना दुखत नाही आणि सुरुवातीला दिसायलाही काही कमी होत नाही. माणसाला वाटते, सगळे ठीक आहे. मला मात्र आतले दिसते. मी काढलेल्या फोटोंनी कितीतरी लोकांची नजर वेळेवर वाचवली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माझे कामच ते आहे.

पुढे दवाखान्यात एक नवे यंत्र आले. पांढरेशुभ्र, सडपातळ आणि एका बटणावर चालणारे. मला औषधांच्या खोक्यांशेजारी सरकवले गेले. माझ्यावरचे झाकण कुणीतरी त्या नव्या यंत्रावर घातले. दवाखान्याचे विश्वस्त दिनानाथकाका एकदा माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, याला भंगारात देऊन टाकू या का? एवढी जागा अडवतोय."

"राहू दे, काका. नवीन बंद पडलं तर हाच कामाला येईल," डॉक्टर जयमाला म्हणाल्या.

आणि नवीन खरोखरच बंद पडले. त्याला दुरुस्त करणारा माणूस आज येतो, उद्या येतो असे सांगत राहिला. त्याच आठवड्यात चांगुणाबाई आल्या.

चांगुणाबाई मूळच्या मराठवाड्यातल्या. आता मुलाकडे, अंकुशकडे, कामोठ्यात राहत होत्या. अंकुश तळोज्याला एका कारखान्यात कामाला होता. चांगुणाबाई लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या. अंकुश पहिलीत गेला, तेव्हा त्याच्या पाटीवर त्या अक्षरे शिकल्या. आता दरवर्षी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात जे ग्रंथवाचन होते, ते त्याच करत. सगळे बसून ऐकत आणि त्या वाचत. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी कमाई होती.

"जय भीम, बाई," त्या आमच्या संघप्रियाला म्हणाल्या. "लवकर काय ती तपासणी करा. मला दिसतंय की सगळं."

"जय भीम, आजी. बसा. हनुवटी इथं टेकवा," संघप्रिया म्हणाली.

संघप्रिया आमच्या दवाखान्यातली नेत्रतपासनीस. चष्म्याचे नंबर काढणे, डोळ्यांचे फोटो काढणे ही तिची कामे. तिला आणखी एक नाद होता. ती दुपारच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम लिहायची, म्हणजे संगणकाला एखादे काम कसे करायचे ते पायरीपायरीने सांगायची. तिचा लॅपटॉप माझ्याच टेबलावर असे, म्हणून पुढचे सगळे मी स्वतः पाहिलेले आहे.

चांगुणाबाईंच्या उजव्या डोळ्याचा फोटो मी काढला. डॉक्टर जयमालांनी तो पडद्यावर घेतला आणि त्या पुढे वाकल्या. पिवळ्या चकतीच्या कडेला केसासारखी बारीक एक लाल रेघ होती.

"ही नस नवीन असेल तर धोका आहे," त्या म्हणाल्या. "शुगरमुळे अशा कच्च्या नसा उगवतात. त्या कधीही फुटतात, आणि मग डोळ्यात रक्त. पण काहींना अशी एखादी वाकडी नस जन्मापासूनच असते. तसं असेल तर काहीच करायला नको."

"मागच्या वर्षीचा फोटो आहे ना, मॅडम. यानेच काढलेला," संघप्रिया माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पण मागच्या वर्षी फोटो काढताना चांगुणाबाईंची मान कलती होती आणि नजर दुसरीकडे होती. ती चकती फोटोत पार कडेला, अंधूक आणि तिरकी आली होती. डॉक्टर एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"कधी वाटतं ही नस तेव्हाही आहे, कधी वाटतं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आजी, तुम्ही वाशीला मोठ्या रुग्णालयात जाऊन हाताच्या शिरेतून औषध घालून एक तपासणी करून या. खात्री होईल."

"आता न्हाई जमायचं," चांगुणाबाई म्हणाल्या. "आषाढी पुनवेपास्नं वाचन हाय. ते झाल्यावर बगू."

"आई, मॅडम सांगतायत तर जाऊ ना," अंकुश म्हणाला.

"डाक्टरीनबाईलाच नक्की ठावं न्हाई. मग कशापायी सुया टोचून घेऊ?"

त्यांचेही चुकत नव्हते. त्या उठल्या आणि गेल्या. तीन महिने थांबायचे! ती नस नवी असेल तर तेवढ्यात काय होईल, हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि मलाही.

संघप्रिया त्या दुपारी जेवलीच नाही. डबा बाजूला ठेवून तिने लॅपटॉप उघडला. तिचा विचार सरळ होता. दोन्ही फोटो एकाच डोळ्याचे आहेत. मग एक फोटो हवा तसा फिरवून दुसऱ्यावर अगदी तंतोतंत बसवता आला, तर काय जुने आणि काय नवे ते आपोआप कळेल. पण किती फिरवायचा आणि कुठे सरकवायचा? डोळ्याने अंदाज चुकतो. ते संगणकानेच शोधायला हवे.

मित्रांनो, संगणक ते कसे शोधतो ते सांगतो. समजा, तुम्ही मित्राला फोन करून म्हणालात, "मी कामोठ्यात एका सरळ रस्त्यावर उभा आहे," तर तो तुम्हाला कसा शोधणार? आपल्याकडच्या सेक्टरांतले रस्ते सगळे सारखेच. पण तुम्ही म्हणालात, "तीन रस्ते मिळतात, कोपऱ्यावर मेडिकल आहे आणि समोर पिंपळ," तर तो कुठल्याही बाजूने आला तरी तुम्हाला गाठेल. प्रोग्रॅमही तसेच करतो. सरळ नसेकडे तो बघतच नाही. जिथे नसेला फाटा फुटतो, जिथे एक नस दुसरीवरून जाते, अशा खुणेच्या जागा तो निवडतो आणि प्रत्येकीच्या आसपास काय आहे ते लक्षात ठेवतो. मग दुसऱ्या फोटोत त्याच जागा शोधतो आणि जोड्या लावतो. काही जोड्या चुकतात. पण बहुतेक जोड्या "फोटो एवढा उजवीकडे फिरलाय" असे सांगत असतील आणि दोन-चार भलतेच बोलत असतील, तर तो त्या दोन-चारांचे ऐकत नाही.

पहिल्यांदा तिने प्रोग्रॅम चालवला तेव्हा फजिती झाली. "फोटो मुळीच फिरलेला नाही," असे प्रोग्रॅमने ठासून सांगितले. एकावर एक ठेवल्यावर मात्र सगळ्या नसा दुहेरी दिसत होत्या. चकत्याही दोन. संघप्रिया बुचकळ्यात पडली. मग तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून जुळलेल्या जोड्या रेघांनी जोडून पडद्यावर काढायला लावल्या. सगळ्या रेघा एकजात आडव्या आल्या.

"मॅडम, हे बघा," तिने हाक मारली. "हे नसांचे फाटे नाहीतच. हे ठिपके दोन्ही फोटोंत अगदी एकाच जागी आहेत. डोळा हलला, पण हे हलले नाहीत."

"मग हे डोळ्यातले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिले.

ती माझ्या काचेवरची धूळ होती. गर्दीच्या दिवसांत मला पुसायला कुणाला सवड नसे. कडेला चिकटलेले ते कण वर्षभर तिथेच बसून होते आणि प्रत्येक फोटोत उतरत होते. प्रोग्रॅमला वाटले, याच खुणेच्या जागा. बिचाऱ्याचे काय चुकले? त्याला कुणी सांगितलेच नव्हते की धूळ कुठली आणि डोळा कुठला.

संघप्रियाने मऊ ब्रशने आणि फुग्याच्या हवेने माझी काच स्वच्छ केली. कितीतरी दिवसांनी मला इतके बरे वाटले. पण काढलेल्या फोटोंतली धूळ कशी पुसणार? तिने प्रोग्रॅमला सांगितले, "या या जागांकडे लक्ष देऊ नकोस." आणि तो पुन्हा चालवला.

या वेळी रेघा तिरक्या आल्या आणि सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. जुना फोटो वळला, थोडा सरकला आणि नव्यावर जाऊन बसला. नसेवर नस, फाट्यावर फाटा. संघप्रियाने दोन्ही फोटो आलटून पालटून दाखवायला सुरुवात केली. जुना, नवा, जुना, नवा. सगळा डोळा जागच्या जागी स्थिर होता. चकतीच्या कडेची ती लाल रेघ मात्र उमटत होती आणि नाहीशी होत होती.

डॉक्टर जयमालांनी ती अदलाबदल पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "नवीन आहे. अंकुशला फोन लाव."

संध्याकाळी चांगुणाबाई आल्या त्या जरा रागातच. डॉक्टरांनी काही समजावले नाही. नुसती खुर्ची पडद्यासमोर ओढली. चांगुणाबाई बघत राहिल्या.

"ह्यो माझाच डोळा?"

"तुमचाच, आजी. हा मागच्या वर्षीचा, हा आत्ताचा," संघप्रिया म्हणाली.

"मग ही येतीया अन् जातीया ती कोन?"

"तीच नवीन नस. मागच्या वर्षी नव्हती."

चांगुणाबाईंनी पडद्यावर बोट ठेवले. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "अंकुश, उद्याच जाऊ. वाचायला डोळं ऱ्हायलं तर वाचन."

दुसऱ्या दिवशी वाशीच्या तपासणीत तेच निघाले आणि लगेच लेसरचे उपचार सुरू झाले. ते काही एका फेरीत संपले नाहीत. आषाढी पौर्णिमेला विहारात दुसऱ्याच बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि चांगुणाबाई खाली बसून ऐकत होत्या. त्यांना फार लागले ते. अंकुश म्हणाला, "मॅडम, आई त्या दिवशी घरी येऊन जेवली पण नाय." पण श्रावण सरता सरता त्यांनी ग्रंथ पुन्हा हातात घेतला. पहिल्या पानाला थोड्या अडखळल्या, मग आवाज मोकळा झाला, असेही त्यानेच सांगितले.

नंतर त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या. मी फोटो काढला, प्रोग्रॅमने तो जुन्या फोटोवर बसवला. लाल रेघ सुकून गेली होती. दिनानाथकाका हे बघायला मुद्दाम आले होते.

"याचे जुने फोटो आहेत तरी किती?" त्यांनी विचारले.

"कामोठ्यातल्या निम्म्या शुगरवाल्यांचे," डॉक्टर म्हणाल्या.

भंगाराचे नाव काकांनी पुन्हा काढले नाही. आता मला माझे स्वतःचे झाकण आहे आणि रोज सकाळी संघप्रिया माझी काच पुसते. नवे यंत्रही दुरुस्त होऊन शेजारी उभे आहे. आम्ही दोघे काम वाटून घेतो. माझ्यातला दिवा आता बाजारात मिळत नाही. तो विझला की मी थांबेन. त्याचे मला दुःख नाही. मी काढलेले फोटो राहतील आणि उद्याचे फोटो त्यांच्यावर येऊन बसतील.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. आपली यंत्रे स्वच्छ ठेवा आणि जुने फोटो फेकू नका, हे तर आहेच. पण आज घरी गेलात की आजी-आजोबांना, आई-बाबांना विचारा, "तुम्हाला शुगर आहे ना? मग डोळ्यांच्या पडद्याचा फोटो शेवटचा कधी काढला होता?" ते म्हणतील, "कशाला? मला नीट दिसतंय." तेव्हा गप्प बसू नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना घेऊन या. अजून नीट दिसते आहे, तीच तर यायची वेळ आहे.